गिर्यारोहक शल्यवैद्य डॉ. हॉवर्ड सॉमरवेल

माळव्यातील मुलांना हिमवृष्टी ठाऊक असते ती चित्रांतून आणि चित्रपटांतून. कापसासारखे शुभ्र, मऊ, एकमेकांच्या अंगावर फेकून खेळावे असे ते हिम आपल्याला वाटते. परंतु ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिन हिमनदीवरील एका चौकीवर अशाच हिमाच्या आणि बर्फाच्या राशी कोसळल्या व आपल्या सैन्याचे दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. ज्यांचे मूळ गाव कोकणात किंवा सह्याद्रीच्या कुशीत आहे, त्या घरांतील वडील माणसांना ह्या प्रकाराचे आश्चर्य वाटणार नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण आणि २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळील तळिये ही गावे डोंगराच्या मातीखाली गेली. पावसाच्या पाण्याने जड झालेली माती उतारावरून जशी सुटते, तसेच नव्या हिमवृष्टीने जड झालेले हिमही सुटते. भेद एवढाच की, माती निदान मातीसारखी दिसते. हिम मात्र अखेरच्या क्षणापर्यंत निरुपद्रवी आणि सुंदर दिसते.

हिमाच्या ह्या फसव्या स्वभावाशी ज्यांची अगदी प्राणांतिक गाठ पडली आणि तरीही ज्यांनी आपले उरलेले आयुष्य, हिमाचा कणही ठाऊक नसलेल्या भारताच्या दक्षिण टोकाला वेचले, अशा एका शल्यवैद्याचे चरित्र येथे सांगावयाचे आहे. त्यांचे नाव डॉ. थिओडोर हॉवर्ड सॉमरवेल.

सॉमरवेल यांचा जन्म १६ एप्रिल १८९० रोजी इंग्लंडच्या उत्तर भागातील केंडल ह्या गावी झाला. घराणे पादत्राणांच्या कारखानदारांचे. घरात संपत्तीला तोटा नव्हता आणि धर्मश्रद्धाही होती. केंडलच्या आसपास लहानमोठे डोंगर आणि सरोवरे आहेत. डोंगर चढण्याचे वेड त्यांना तेथेच लागले. रग्बी येथील शाळेत आणि नंतर केंब्रिज विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. सृष्टिविज्ञानाच्या परीक्षेत दोन्ही वेळा त्यांनी पहिला वर्ग मिळविला आणि मग लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात वैद्यकाचे अध्ययन केले. चित्रकला व संगीत ह्या दोन्ही कलांत त्यांची चांगली गती होती. एका माणसाच्या ठायी इतके गुण असले की, पुष्कळदा त्यांतील एकही पुरतेपणी फळास येत नाही. सॉमरवेल ह्याला अपवाद ठरले, आणि त्याचे कारण बहुधा पहिले महायुद्ध हे असावे.

१९१५ पासून ते फ्रान्समध्ये सैन्याच्या वैद्यकीय पथकात होते. १९१६ च्या जुलैमध्ये सोमची लढाई सुरू झाली, तेव्हा त्यांच्या छावणीत जखमी सैनिकांची इतकी रीघ लागली की, तंबू अपुरे पडले आणि आसपासच्या कित्येक एकर शेतांत माणसे नुसती मोकळ्यावर निजविलेली होती. शस्त्रक्रिया करणारे मोजकेच. त्यांनी रांगांमधून फिरावयाचे आणि कोणास वाचविता येईल हे निवडावयाचे. ज्यास सोडून पुढे जावयाचे, त्याचे डोळे आपल्याकडे लागलेले असत. आपल्याला आधी घ्या, अशी मागणी त्या सैनिकांपैकी कोणी केली नाही, ही गोष्ट सॉमरवेल जन्मभर विसरले नाहीत. युद्धाविषयी त्यांच्या मनात कायमचा तिटकारा उत्पन्न झाला. कोणाच्या जिवाची जोखीम कोणी ठरवावयाची, हा प्रश्न त्यांच्यापुढे प्रथम उभा राहिला तो येथे. पुढे तो पुन्हा उभा राहणार होता, आणि तेव्हा युद्धाची सबब नव्हती.

१९२२ मध्ये ब्रिटिशांनी एव्हरेस्टच्या चढाईची पहिली मोहीम काढली. नेपाळ परक्यांना बंद होते, म्हणून मार्ग तिबेटातून होता. मोहिमेचे प्रमुख जनरल चार्ल्स ब्रूस होते. मॅलरी, नॉर्टन, फिंच, मॉर्शेड हे गिर्यारोहक होते आणि त्यांच्यात बत्तीस वर्षांचे डॉ. सॉमरवेल होते. २१ मे रोजी मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरवेल हे प्राणवायूच्या नळकांड्यांवाचून ८,२२५ मीटर उंचीपर्यंत गेले. त्यापूर्वी मनुष्य आपल्या पायांनी इतक्या उंचीवर कधीच पोहोचला नव्हता. पुढे आठवड्याभरात फिंच आणि जेफ्री ब्रूस हे प्राणवायूच्या साहाय्याने त्याहूनही थोडे वर गेले. येथेच मोहीम थांबली असती, तर तिचे नाव यशस्वी मोहीम म्हणून राहिले असते. परंतु मोसमी पाऊस यावयास काही दिवस उरले होते, आणि आणखी एक प्रयत्न करावा असे ठरले.

३ जून रोजी मंडळी तळावरून निघाली आणि लगेच हिमवृष्टी सुरू झाली. ४ जूनचा दिवस पहिल्या छावणीत अडकून गेला. ५ जून रोजी ती तिसऱ्या छावणीत पोहोचली, तेव्हा सगळीकडे नव्या हिमाचा जाड थर बसला होता. ६ तारखेस आकाश स्वच्छ झाले आणि दिवसभर कडक ऊन पडले. पुढचा टप्पा होता नॉर्थ कोल नावाच्या, सुमारे सात हजार मीटर उंचीवरील खिंडीचा. तेथवर जाणारा उतार खडा, हिमाने भरलेला आणि मधूनमधून बर्फाच्या कड्यांनी तुटलेला असा होता.

७ जून रोजी सकाळी आठच्या सुमारास मॅलरी, सॉमरवेल आणि भारतीय सनदी सेवेतील अधिकारी क्रॉफर्ड हे चौदा भारवाहकांसह निघाले. भारवाहक शेर्पा आणि तिबेटी लोकांपैकी होते. पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. सर्वांत पुढे राहून वाट फोडण्याचे काम बव्हंशी सॉमरवेल करीत होते. हे लोक निष्काळजी होते असे कोणी समजू नये. नवे हिम धोक्याचे असते हे ते आल्प्सच्या अनुभवाने जाणत होते. म्हणून खालचा जो भाग सर्वांत खडा होता, तेथे त्यांनी मुद्दाम हिमात चर पाडून, पाय देऊन, थर सुटतो की काय हे पाहिले. थर सुटला नाही. वरचे उतार त्या मानाने सौम्य होते. जेथे अधिक भय तेथे हिम टिकले, तर जेथे कमी भय तेथे ते टिकणारच, असा त्यांनी तर्क केला. कागदावर हा तर्क बिनतोड वाटतो.

दुपारी दीडच्या सुमारास, खिंड सुमारे १८० मीटर वर राहिली असता, दारूच्या बारासारखा एक आवाज झाला आणि पायांखालचा उतार चालू लागला. सर्वांत वरच्या दोरावर सॉमरवेल, मॅलरी, एक भारवाहक व क्रॉफर्ड असे चौघे होते. ते घसरत गेले, हिमात बुडाले, पण थोड्याच अंतरावर थांबले व बाहेर निघाले. त्यांच्या खालच्या दोरावरील चार भारवाहकही काही अंतर वाहत जाऊन वाचले. त्याखालचे दोन दोर, म्हणजे नऊ माणसे, दिसेनाशी झाली होती. उतार जेथे तुटला होता तेथे बर्फाचा बारा ते अठरा मीटर उंचीचा कडा होता. आपल्या बडा गणपतीची पंचवीस फुटांची मूर्ती डोळ्यांपुढे आणावी आणि तशा दोन मूर्ती एकावर एक उभ्या कल्पाव्या, म्हणजे त्या कड्याच्या उंचीचा अंदाज येईल. नऊही जण त्या कड्यावरून खालच्या भेगेत पडले आणि वरून हिमाचा लोंढा त्यांच्यावर आला. वाचलेल्यांनी हातांनी आणि कुऱ्हाडींनी उकरून दोघांना जिवंत काढले. सात जण गेले. त्यांतील एकाचा देहही सापडला नाही. बाकीच्यांचे देह, त्यांच्या सोबत्यांच्या इच्छेप्रमाणे, तेथेच हिमात ठेवण्यात आले. तिसऱ्या छावणीजवळ दगडांची एक रास रचून त्यांचे स्मारक करण्यात आले.

आता त्या तर्कात उणे काय होते, ते पाहू. हिम एकाच वेळी, एकाच जातीचे पडत नसते. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर बसतो. वारा, ऊन आणि थंडी त्या थराचे रूप पालटतात. कधी खालचा एखादा थर साखरेच्या दाण्यांसारखा सुटा राहतो आणि त्याच्यावर वाऱ्याने दाबून घट्ट केलेल्या नव्या हिमाची लादी बसते. साबुदाणा पसरलेल्या तिरप्या फळीवर लाकडी पाट ठेवावा, तशी ही स्थिती असते. पाट स्थिर दिसतो. त्याच्यावर कोणी पाय देईपर्यंत तो स्थिर असतोही. आपल्या कंपासपेटीतील कोनमापक घेऊन ३० अंश आणि ४५ अंश हे दोन कोन काढून पाहा: हिमाच्या लाद्या बहुतेक ह्या दोन कोनांमधल्या उतारावरून सुटतात. त्याहून सौम्य उतारावर हिम सहसा बसून राहते. फार खड्या उतारावर ते साचतच नाही, थोडे थोडे झडून जाते. म्हणजे जो उतार सौम्य वाटून माणूस निर्धास्त होतो, तो नेमका ह्या घातक मर्यादेत असू शकतो. शिवाय एका ठिकाणी घेतलेली परीक्षा पन्नास पावलांवरच्या हिमाला लागू पडेलच असे नाही. वारा डोंगराच्या एका अंगाचे हिम उचलून दुसऱ्या अंगावर नेऊन टाकतो आणि तेथे थर दुप्पट जाड होतो. खाली टिकलेल्या हिमाने वरच्या हिमाची हमी दिली नव्हती. ती मॅलरी आणि सॉमरवेल यांनी आपण होऊन गृहीत धरली.

स्की घेऊन हिमाच्छादित डोंगरांवर भटकणाऱ्या लोकांना आज हे शास्त्र आधी शिकविले जाते. ताजी हिमवृष्टी झाल्यानंतर एकदोन दिवस खड्या उताराच्या वाटेसही जाऊ नये, हा त्यांचा पहिला पाठ. थंडी फार असेल तर धोका त्याहूनही अधिक दिवस टिकतो. शेजारच्या उतारावर ताजे हिम घसरल्याच्या खुणा आहेत काय, पाय दिल्याबरोबर हिमात लांब भेग पळते काय, पायाखाली पोकळ, दबका आवाज होतो काय, ऊन एकाएकी वाढले आहे काय, वारा कोणत्या बाजूने वाहून गेला आहे, हे सर्व पाहावयाचे. मग सुरक्षित जागी खड्डा खणून थर तपासावयाचे आणि हिमाचा एक खांब सुटा करून त्यावर तळहाताने ठोकून तो कोठे तुटतो ते बघावयाचे. एवढे करूनही उतार ओलांडणे भागच असेल, तर एकेकाने ओलांडावयाचा आणि बाकीच्यांनी बाजूला राहून पाहावयाचे. गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो. त्यानंतर आशा फार झपाट्याने मावळते. म्हणून प्रत्येकाजवळ संदेश देणारे लहानसे यंत्र, हिमात खुपसण्याची लांब सळई आणि फावडे असते. आपल्या देशातही १९६९ मध्ये मनालीस हिम आणि हिमस्खलन यांचा अभ्यास करणारी संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये ती संरक्षण खात्याच्या दुसऱ्या एका संस्थेत विलीन करण्यात आली.

१९२२ मध्ये ह्यातील पुष्कळसे कोणास ठाऊक नव्हते, हे मान्य केले पाहिजे. आजच्या ज्ञानाच्या काठीने कालच्या माणसांना बडविणे हा न्याय नव्हे. तथापि ज्याला हिमशास्त्राची गरज नव्हती अशीही एक गोष्ट त्या दिवशी घडली होती. सतरा माणसे एकाच वेळी, एकाखाली एक, त्या उतारावर होती. वर जावयाचे की नाही हे ज्यांनी ठरविले ते तिघे सर्वांत वर होते. ज्यांना कोणी विचारले नाही ते खाली होते. मोहिमेतील काही जाणत्या सहकाऱ्यांनी मॅलरींना दोष दिला. मॅलरींनी स्वतःही तो स्वीकारला. सॉमरवेल यांचे दुःख निराळ्या तऱ्हेचे होते. मेलेले सगळेच्या सगळे शेर्पा व तिबेटी, आणि साहेब लोकांपैकी एकासही ओरखडा नाही, हे त्यांना सहन होईना. मेलेल्यांत आपल्यापैकी कोणी असता, तर निदान उरलेल्या भारवाहकांना आपण त्यांच्या हानीत आणि जोखमीत वाटेकरी आहोत हे कळले असते, असे त्यांना वाटले. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे मोकळेपणाने नमूद केले आहे. त्या काळी साहेबाच्या हातून असे लिहिले जाणे सोपे नव्हते.

मोहीम संपल्यावर सॉमरवेल लगेच मायदेशी गेले नाहीत. हिंदुस्थान पाहावा म्हणून ते दक्षिणेकडे फिरत गेले. तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात, कन्याकुमारीच्या जवळ नेय्यूर नावाचे गाव आहे. आज ते तामिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात येते. तेथे लंडन मिशनरी सोसायटीचे रुग्णालय १८३८ पासून चालू होते. सॉमरवेल यांनी पाहिले की, एवढ्या मोठ्या मुलखाला शस्त्रक्रिया करणारा एकच डॉक्टर आहे, त्याचे नाव डॉ. प्यू, तो थकून गेलेला आहे, आणि बाहेर रोग्यांची रांग संपत नाही. सोमच्या शेतांत पाहिलेली रांग आणि ही रांग यांत त्यांना साम्य वाटले की काय, हे सांगता येत नाही. ते तेथे काही दिवस राहिले, शस्त्रक्रियांना हात लावला आणि लंडनच्या रुग्णालयातील मोठ्या मानाची जागा चालून येत असता ती नाकारून १९२३ मध्ये नेय्यूरला कायमचे आले.

धर्मप्रसारासाठी आलेल्या मंडळींविषयी आपल्या समाजात पूर्वी मतभेद होते व आजही आहेत. तो वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे, एव्हरेस्टवरील सात मृत्यूंचे प्रायश्चित्त म्हणून ते भारतात राहिले, असे काहीजण सुचवितात, तेही मला पटत नाही. त्यांनी स्वतः कारण सांगितले ते नेय्यूरच्या रोग्यांचे, आणि तेवढे कारण पुरेसे आहे. मात्र हिमाच्या उतारावर ते जे शिकले त्याची कसोटी लागण्याचा प्रसंग लवकरच आला.

१९२४ मध्ये एव्हरेस्टची दुसरी मोहीम निघाली आणि नेय्यूरहून रजा घेऊन सॉमरवेल तिच्यात सामील झाले. त्या वर्षी हवामान फार वाईट होते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भारवाहकांची एक तुकडी नॉर्थ कोलवरच्या छावणीत पोहोचविण्यात आली; पाठोपाठ जोराची हिमवृष्टी झाली. २३ मे रोजी तुकडी खाली उतरली तेव्हा चार भारवाहक वरच राहून गेले. उताराची वाट ताज्या हिमाने इतकी भयंकर झाली होती की, पाऊल टाकण्याचा धीर त्यांना झाला नाही. वर अन्न बेताचेच होते आणि थंडीने हातापायांना इजा होऊ लागली होती. हिम पडतच होते. तोच डोंगर, तीच खिंड, तसाच ताजा थर. दोन वर्षांपूर्वी सात माणसांना नेणारा धोका जसाच्या तसा पुढे उभा होता. शहाणपणाने विचार करणारा कोणीही म्हणाला असता की, हिम बसेपर्यंत थांबावे. पण थांबणे म्हणजे त्या चौघांना सोडून देणे होते.

२४ मे रोजी नॉर्टन, मॅलरी आणि सॉमरवेल असे तिघे वर निघाले. तिघांच्याही प्रकृती बिघडलेल्या होत्या. सॉमरवेल यांचा घसा उंचीवरील कोरड्या थंड हवेने सोलवटून निघाला होता आणि खोकला थांबत नव्हता. खिंडीच्या खाली शेवटचा एक तिरपा उतार होता. तोच सर्वांत अधिक घातक होता. सॉमरवेल यांनी हट्ट धरला की, पुढे मी जाणार. नॉर्टन आणि मॅलरी सुरक्षित जागी पाय रोवून दोर सोडीत राहिले आणि सॉमरवेल एकटे, पावलापावलाला हिमात खाच पाडीत, तो उतार आडवा कापीत गेले. ह्या वेळी उतारावर एकच माणूस होता, आणि तो कोण असावा हे त्याने स्वतः ठरविले होते.

भारवाहकांपासून सुमारे दहा यार्डांवर असता दोर संपला. संध्याकाळ जवळ येत होती. ह्या अखेरच्या अंतरापुरते त्या चौघांनी दोरावाचून एकेक करून यावे असे ठरले. पहिले दोघे सुखरूप आले व दोराला धरून पलीकडे गेले. उरलेल्या दोघांनी एकदमच पाऊल टाकले. हिमाचा थर त्यांच्यासह सुटला आणि ते खाली घसरत गेले. कसे कोण जाणे, पण कड्याच्या अलीकडे थोड्या अंतरावर ते थांबले. हालचाल केली असती तर पुन्हा सुटले असते. सॉमरवेल यांनी त्यांना निश्चल बसावयास लावले. मग आपली कुऱ्हाड मुठीपर्यंत हिमात रोविली, कमरेचा दोर सोडला, तो कुऱ्हाडीभोवती घेतला आणि त्याचे अखेरचे टोक एका हातात धरून, अंग जितके लांबविता येईल तितके लांबवून, दुसऱ्या हाताने एकेकाची मानगूट पकडून दोघांना वर ओढून घेतले. चौघेही त्या रात्री अंधार पडल्यावर खालच्या छावणीत पोहोचले.

एव्हरेस्टच्या इतिहासाची पुस्तके ह्या प्रसंगाला थोडी जागा देतात, आणि त्यानंतरच्या दिवसांना पुष्कळ. तेही दिवस विलक्षण होते खरे. ४ जून रोजी नॉर्टन आणि सॉमरवेल प्राणवायूवाचून शिखराकडे निघाले. सॉमरवेल यांचा घसा इतका बिघडला की, सुमारे साडेआठ हजार मीटरांवर ते थांबले व नॉर्टनना पुढे जाण्यास त्यांनी सांगितले. नॉर्टन ८,५७३ मीटरांपर्यंत गेले. प्राणवायूवाचून त्याहून वर जाण्यास माणसाला १९७८ साल उजाडावे लागले. उतरताना सॉमरवेल यांच्या घशात काहीतरी अडकले. श्वास बंद झाला. नॉर्टन पुढे निघून गेले होते. हाक मारणे अशक्य होते. ते मरणाची वाट पाहत हिमात बसले. मग अखेरचा उपाय म्हणून दोन्ही हातांनी छाती जोराने दाबून त्यांनी ती अडगळ बाहेर काढली. थंडीने जळून सुटलेले ते घशाचेच आतले अस्तर होते. चार दिवसांनी, ८ जून रोजी, मॅलरी आणि तरुण अर्विन शिखराकडे गेले ते परत आले नाहीत. जाताना मॅलरींनी सॉमरवेल यांचा लहान कॅमेरा बरोबर नेला होता. १९९९ मध्ये मॅलरींचा देह सापडला, पण त्याच्याजवळ तो कॅमेरा नव्हता.

सॉमरवेल नेय्यूरला परतले. १९२५ मध्ये त्यांचा विवाह झाला, पुढे तीन मुलगे झाले. दक्षिण त्रावणकोरात पोटातील व्रणाचा रोग फार. गरिबांच्या आहारात टॅपिओकाचा भरणा मोठा. त्या रोगावरील शस्त्रक्रियांचा त्यांचा अनुभव इतका दांडगा झाला की, त्याविषयी त्यांनी लिहिलेले लेख इंग्लंडातील शल्यवैद्यांनाही वाचावे लागले. तोंडाच्या कर्करोगाचे रोगीही तेथे पुष्कळ येत आणि त्यांच्यासाठी रेडियमचा उपचार नेय्यूरला त्या काळी होऊ लागला. त्याच रुग्णालयातील डॉ. ऑर यांनी १९३३ मध्ये पान-तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातील कर्करोगाविषयी लॅन्सेट ह्या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. आपल्या शहरातील पानाच्या ठेल्यांकडे पाहता तो लेख अद्याप जुना झालेला नाही.

१९३६ मध्ये आफ्टर एव्हरेस्ट हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या नावावरून एव्हरेस्ट हा त्यांच्या आयुष्याचा आरंभ होता, शेवट नव्हे, हे कळते. पहिल्या मोहिमेतील गिर्यारोहकांना १९२४ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी पदके देण्यात आली होती. सरकारने कैसर-इ-हिंद पदकही दिले. ह्या मानसन्मानांविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. १९४९ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रियेचे अध्यापक झाले आणि १९६१ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, निवृत्त होऊन इंग्लंडला गेले. भारत स्वतंत्र झाल्यावर पुष्कळ साहेब लोक परतले. हे आणखी चौदा वर्षे राहिले, आणि जाताना त्यांच्या हातांखाली शिकलेले भारतीय शल्यवैद्य ठिकठिकाणी काम करीत होते.

मायदेशी १९६२ ते १९६५ ह्या काळात ते आल्पाइन क्लबचे अध्यक्ष होते. जगातील गिर्यारोहकांची ही सर्वांत जुनी संस्था. चित्रे काढणे अखेरपर्यंत चालू होते. तिबेटच्या पठाराची आणि हिमशिखरांची त्यांची जलरंगातील चित्रे पाहिली की, ज्या हिमाने आपले सोबती नेले त्याच्यावर ह्या माणसाने राग धरला नाही, असे वाटते. २३ जानेवारी १९७५ रोजी, ज्या सरोवरांच्या प्रदेशात ते लहानाचे मोठे झाले, तेथेच अँबलसाइड येथे त्यांचे निधन झाले. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील काराकोणम येथे त्यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. नेय्यूरच्या रुग्णालयाचे काम आजही चालू आहे आणि कर्करोगाच्या उपचारांसाठी तेथे स्वतंत्र केंद्र आहे.